उसण म्हणून अंगावर काढलेला मुतखडा

११ जानेवारी २००४, रविवार. ठिकाण: आमचं घर, धसईच्या पुढचं एक गाव, तालुका मुरबाड. हजर: मी, माझे यजमान, मुलगी कविता, थोरल्या जाऊबाई, आणि म्हशाच्या जत्रेसाठी शहापूरहून आलेले माझे भाऊ-वहिनी.

मी अंगणवाड्यांची मुख्यसेविका आहे. माझ्या बीटमधल्या गावा-पाड्यांतल्या अंगणवाड्या फिरून बघायच्या आणि भेटीचा अहवाल लिहायचा, हे माझं काम. अहवालात आधी तारीख, मग हजर कोण, मग काय घडलं आणि शेवटी कोणतं काम बाकी आहे. आजारपणही त्याच क्रमाने लिहिते, म्हणजे पाल्हाळ होणार नाही. मुतखड्याची शास्त्रीय माहिती डॉक्टर देतील. मी लिहिते आहे ते ज्यांच्या कुशीत अशी कळ येईल, आणि घरचे ज्यांना पालथं झोपायला सांगतील, त्यांच्यासाठी.

जत्रेहून परत

त्या दिवशी सकाळी आम्ही म्हशाला गेलो. भावाने बैलबाजारात तासभर बैलांचे दात बघितले, घ्यायचा एकही नव्हता. वहिनीने घोंगडी घेतली. परतताना जीपमध्ये पुढे जागा नव्हती म्हणून मी मागच्या आडव्या बाकावर बसले. रस्ता कसा आहे ते सांगायला नको.

घरी येऊन हातपाय धुतले, भाकरी थापायला बसले आणि डाव्या कुशीत, बरगडीच्या खाली मागच्या बाजूला, कळ आली. मला बाळंतपणाच्या कळा माहीत आहेत. त्या येतात आणि मध्ये श्वास घ्यायला जागा देतात. ही कळ थांबत नव्हती. पाठीतून पुढे पोटात, तिथून खाली जांघेत जात होती. बसवेना, निजवेना, उभं राहवेना. मी पडवीत गुडघ्यांवर आले, मग कुशीवर, मग पुन्हा उठून भिंतीला डोकं टेकून उभी राहिले. दोनदा उलटी झाली.

भाऊ म्हणाला गॅस आहे, सोडा द्या. वहिनीने घोंगडी गुंडाळून पाठीला दिली. यजमानांनी एका वाक्यात निकाल लावला: जीपचे धक्के बसले, उसण भरली. सगळ्यांना ते पटलं, मलाही पटलं. कारण डोळ्यांसमोर होतं, आणि उपाय भिंतीपलीकडे राहत होता.

थोरल्या जाऊबाईंना घरात आणि गावात सगळे आक्का म्हणतात. थोरले दीर वारल्यापासून त्या शेजारच्या खोल्यांत एकट्या राहतात, चूल मात्र बहुतेक एकच. आक्का पायाळू आहेत, म्हणजे जन्मताना आधी त्यांचे पाय बाहेर आले. पायाळू माणसाने पाठीवर पाय फिरवला की भरलेली उसण जाते, असं आमच्याकडे मानतात. आवणीच्या दिवसांत, दिवसभर वाकून रोपं लावली की माणसांच्या कमरा धरतात, तेव्हा आक्कांच्या दारात सकाळी रांग असते. त्या कुणाकडून काही घेत नाहीत. जमिनीला हात लावून देवाचं नाव घेतात, डावी टाच दुखऱ्या जागेवरून हलकेच खाली आणतात, तीनदा. त्यांचा पाय हलका आहे, असं लोक म्हणतात, आणि ते खरं आहे.

यजमान त्यांना बोलावून आले. आक्कांनी मला पालथी पडायला सांगितलं.

"हालू नको गो."

"राहवत नाही, आक्का."

"तं मंग पाय कुठं फिरवू, डोक्यावर?"

भाऊ हसला. मीही हसले असते. वहिनीने माझे खांदे धरले, आक्कांनी टाच फिरवली आणि त्या बाजूला बसून राहिल्या. थोड्या वेळाने कळ उतरली. उतरली म्हणजे नळ बंद केल्यासारखी. मी उठले, चेहरा धुतला आणि उरलेल्या भाकऱ्या केल्या. भावाने आक्कांना नमस्कार केला आणि आता माझ्याही गुडघ्याचं बघा म्हणाला. आक्का म्हणाल्या, गुडघ्यासाठी पायाळू नाय, बैलबाजारात कमी फिरावा लागतो.

पुन्हा, आणि पुन्हा

फेब्रुवारीत दोनदा तसंच झालं. एकदा घरी, रविवारीच. यजमान आक्कांना बोलावून आले, पाय फिरला, कळ गेली. दुसऱ्यांदा मी डोंगराकडच्या एका पाड्यावर अंगणवाडीची तपासणी करत होते. मुलं खिचडी खात होती. मी वजनकाट्याच्या शेजारी सतरंजीवर आडवी झाले आणि मुलं माझ्याभोवती गोल करून बघत राहिली. मदतनीस बाईने गरम पाण्याची बाटली लावली. संध्याकाळी जीपने घरी आले तोवर दुखणं निम्मं झालं होतं. तरी यजमानांनी आक्कांना बोलावलं. उरलेलं निम्मंही गेलं.

आता सांगते, जे मला नंतर डॉक्टरांनी समजावलं. मुतखड्याची कळ आपोआप येते आणि आपोआप जाते. खडा सरकला की येते, थांबला की जाते. त्या मधल्या वेळात तुम्ही ओवा खाल्ला तर ओव्याने बरं वाटलं असं वाटणार, पाय फिरवला तर पायाने. आमच्या घरात पाय होता.

आणखी एक फरक सांगते, तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. उसण भरलेला माणूस हलत नाही. हलला की दुखतं म्हणून तो लाकडासारखा पडून राहतो. मुतखड्याच्या माणसाला पडून राहता येत नाही. तो फिरतो, लोळतो, उलटी करतो. असं झालं तर पाठीच्या दुखण्याचा उपाय करत बसू नये.

दुखणं थांबलं

मार्चमध्ये कळ आली नाही. एकदाही नाही. मी खूश होते. वर्षअखेरीचे अहवाल होते, पोषण आहाराचा साठा जुळवायचा होता, कविताची बारावीची परीक्षा चालू होती. घरात सगळे म्हणत होते की आक्कांनी उसण मुळातून काढली. आक्काही मान हलवत होत्या.

पण मला जेवण जाईना. संध्याकाळी अंग मोडून यायचं, दिवे लावायच्या सुमाराला हुडहुडी भरायची. गावातल्या डॉक्टरांनी मलेरियाच्या गोळ्या दिल्या. दोन-चार दिवस बरं वाटलं, पुन्हा ताप. डाव्या कुशीत कळ नव्हती, नुसतं जड वाटायचं, ओलं पोतं ठेवल्यासारखं. त्याचा आणि तापाचा संबंध मी जोडला नाही. पाठीचं प्रकरण माझ्या हिशेबी मिटलेलं होतं.

पाडव्यानंतरच्या आठवड्यात मला इतकी थंडी वाजली की खाट हलायला लागली. यजमानांनी आज कामावर येत नाही असा कंपनीत निरोप दिला आणि मला मुरबाडला नेलं.

मुरबाडच्या डॉक्टरांनी जीभ बघितली, डोळे बघितले, लघवीचं विचारलं. मग माझ्या मागे येऊन त्यांनी डाव्या बरगडीखाली मुठीने हलकेच ठोकलं. मी ओरडले. उजवीकडे ठोकलं, काही नाही. मग त्यांनी यापूर्वी कधी दुखलं होतं का विचारलं. मी सगळं सांगितलं, पाय फिरवल्याचंही. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. सोनोग्राफी लिहून दिली आणि रिपोर्ट घेऊन इथेच या, घरी जाऊ नका, एवढंच म्हणाले.

रिपोर्ट वाचून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. खडा किडनीतून खाली येताना नळीत अडकला होता. लघवी पुढे जाईना म्हणून डावी किडनी फुगली होती आणि आत साचलेल्या लघवीत पू झाला होता. मी म्हणाले, पण महिनाभर दुखलंच नाही.

"खडा पूर्ण बसला की कधी कधी दुखणं थांबतं," ते म्हणाले. "किडनी काम करायची थांबते म्हणून. तुमची थांबली आहे का, ते अजून आपल्याला माहीत नाही."

त्या दिवसातलं मला हेच वाक्य आठवतं. बाकी सगळं यजमानांना आठवतं. ते जीप ठरवायला धावले, मी बाकावर बसून रिपोर्टची पानं क्रमाने लावत होते.

कल्याण

कल्याणच्या एका हॉस्पिटलात त्याच दिवशी पाठीत भूल देऊन किडनीत बारीक नळी घातली. नळीचं बाहेरचं टोक एका पिशवीला जोडलं. पहिल्यांदा त्या पिशवीत जे आलं ते मी बघितलं नाही, यजमानांनी बघितलं आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले.

मूत्ररोगाच्या डॉक्टरांनी पुढचं स्पष्ट सांगितलं. आत्ता खडा काढायचा नाही. आधी पू निचरू द्यायचा, ताप जाऊ द्यायचा, किडनीला सावरायला काही आठवडे द्यायचे. या पिशवीत डाव्या किडनीची लघवी येईल. ती वाढत गेली आणि स्वच्छ झाली तर किडनी जिवंत आहे. नाही वाढली तर स्कॅन करून किडनी काढून टाकायचा विचार करावा लागेल. एका किडनीवर माणूस जगतो, असंही ते म्हणाले. ते खरं आहे. पण खाटेवर पडून ऐकताना ते वाक्य दिलासा वाटत नाही.

वॉर्डातला दिवस सगळ्यांनी सारखाच अनुभवला असेल. अंधार असतानाच थर्मामीटर, मग चहा, मग झाडू, मग डॉक्टरांच्या फेरीची वाट. फेरी दोन मिनिटांत संपते आणि तुम्ही विचारायचं ठरवलेलं विसरता. मी प्रश्न चिठ्ठीवर लिहून उशाला ठेवायला लागले, तेव्हा डॉक्टर आधी चिठ्ठीच मागायला लागले. हे कुणालाही करता येईल. हॉस्पिटलात जाताना आधीचे सगळे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं, पुढून उघडणारा गाऊन, पाण्याची मोठी बाटली आणि एक जुनी ओढणी घ्यावी. ओढणीचा उपयोग पिशवी झाकायला होतो. अशी पिशवी घेऊन संडासापर्यंत चालत जाताना वाटणारी लाज ताप गेल्यावर येते, तोवर येत नाही.

शेजारच्या खाटेवर टिटवाळ्याकडच्या शेवंताबाई होत्या, सत्तरीच्या पुढच्या. त्यांनाही नळी आणि पिशवी. मी पहिल्यांदा उठून भिंत धरत चालले तेव्हा त्या मागोमाग निघाल्या आणि म्हणाल्या, "चला, दोघी बाजाराला निघालो असं समजायचं. पिशव्या हायतच." मग रोज सकाळी आम्ही बाजाराला जायचो, वॉर्डाच्या दारापर्यंत. त्या भाव सांगायच्या, मी घासाघीस करायचे. भीती कमी करायचं एवढं चांगलं औषध मला दुसरं मिळालं नाही.

कुणामुळे

तिसऱ्या दिवशी आक्का एसटीने आल्या. धसईहून मुरबाड, मुरबाडहून कल्याण, एकट्या. कल्याणला त्या आयुष्यात फार तर दोनदा आल्या असतील. हातात पेज घातलेला डबा होता, फडक्यात बांधलेला. माझा ताप अजून उतरत नव्हता. यजमान आदल्या दिवसापासून झोपले नव्हते. त्यांनी डबा घेतला आणि खाटेच्या पायथ्याशी उभं राहून म्हणाले, "तुमच्या पायाच्या भरवशावर राह्यलो, वैनी. आता किडनी जाया आली."

आक्कांनी पदर सारखा केला. माझ्या पायावरून चादर ओढून नीट केली आणि परतीच्या गाडीने गेल्या. मी ऐकलं होतं, पण माझे दात वाजत होते.

ताप उतरल्यावर मी यजमानांशी बोलले. हे माझं म्हणणं त्यांना मान्य आहे, म्हणून लिहिते. मी म्हणाले, आक्का स्वतःहून एकदाही आल्या नाहीत. दर वेळी तुम्ही त्यांना बोलवायला गेलात. दर वेळी पालथी मी पडले. माझ्या बीटमध्ये कुठल्या मुलाला ताप आला तर त्याच्या आईला दवाखान्यात मी पाठवते, आणि मला पाठवणारं घरात कुणी नव्हतं, असंही नाही, आपण दोघंही होतो. ते म्हणाले, वैनींना काय सांगू आता. मी म्हणाले, ते तुम्ही ठरवा.

इतक्यात काही ठरलं नाही. घरी कविता होती, ती आठवड्याने आली तेव्हा तिने बातमी आणली. आक्का आमच्याकडे जेवायला येत नाहीत, स्वतःची चूल पेटवतात. खालच्या आळीतला एक जण कंबर धरून आला होता. आक्का त्याला म्हणाल्या, "डॉक्टरकडं जा. माझा पाय आता चालायापुरताच हाय."

शहापूर

ताप गेल्यावर मला नळीसकट घरी सोडलं. घरी म्हणजे भावाकडे, शहापूरला. त्याच्या घरात संडास आत आहे, आणि दर आठवड्याला कल्याणला दाखवायला जाणं तिथून सोपं. भाऊ आणि वहिनी दोघंही सकाळीच नोकरीला जायची. मी दिवसभर एकटी, बाजूला पिशवी.

पिशवीत सुरुवातीला फार थोडं यायचं. सकाळी मी ती उजेडाकडे धरून बघायचे. लघवी गढूळ आहे की निवळली, कालच्याहून जास्त आहे की कमी. दिवसातून दहा वेळा बघून ती वाढत नाही, हे मला कळत होतं, तरी बघायचे. एके दिवशी जवळजवळ काहीच आलं नाही. त्या दुपारी मी मनातल्या मनात किडनी काढून टाकली, कविताचं लग्न एका किडनीवर लावलं आणि स्वतःशीच चिडून बसले.

त्याच आठवड्यात दारात रिक्षा थांबली आणि आक्का उतरल्या. बरोबर तांदळाची पिशवी आणि स्वतःची वाकळ. न कळवता आल्या होत्या. भावाच्या घरी त्या पूर्वी कधी राहिल्या नव्हत्या.

"कविताला सैपाक जमतो," त्या म्हणाल्या. "मी हितं राते."

त्यांनी आधी नळी बघितली. ती माझ्या पाठीखाली दुमडली होती. त्यांनी मला कुशीवर वळवलं, नळी सरळ केली, आणि पिशवीत पाणी येताना आम्ही दोघींनी बघितलं. कल्याणला नर्सने नळी दुमडू देऊ नका असं सांगितलं होतंच. स्वतःच्या पाठीमागचं स्वतःला दिसत नाही, एवढंच. नळी असलेल्या माणसाजवळ दुसरं माणूस हवं, हे यातून मी शिकले.

आक्का राहिल्या. पिशवी रिकामी करायला त्यांनी मला हात लावू दिला नाही. ते काम करताना त्या तोंड फिरवत नसत, नाकाला पदरही लावत नसत. दिवसाला अमुक इतकं पाणी प्यायचं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तर त्या तांब्या घेऊन समोर बसायच्या आणि संपल्याशिवाय उठायच्या नाहीत. मी पुरे म्हणाले तर म्हणायच्या, "माझ्यासमोर नाय चालायचा हा हापिसरपणा."

बरेच दिवस आम्ही त्या एका गोष्टीवर बोललो नाही. एका दुपारी त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं.

"खरं सांग. माझ्या पायानं झाला का ह्यो?"

"नाही, आक्का. खडा आधीपासून होता. पायाने खडा होत नाही."

"पन पायानं गेला बी नाय."

"नाही."

त्यांनी सूप हलवलं.

"मंग तेवढं तरी लोकांना सांगाया पायजे," त्या म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी यजमान आले. आक्कांना बघून दारातच थांबले. त्यांनी माफी वगैरे मागितली नाही, आमच्याकडे ती पद्धत नाही. त्यांनी विचारलं, वैनी, तुमच्या कोंबड्या मी बघतोय, पण ती लाल खुडूक बसली आहे, तिला किती अंडी ठेवू. आक्कांनी सांगितलं. जेवताना आक्कांनी यजमानांच्या ताटात दुसऱ्यांदा भात वाढला.

स्कॅन

पिशवीतली लघवी वाढत गेली. हळूहळू, पण वाढली, आणि पिवळी स्वच्छ झाली. मे महिन्यात किडनीचा स्कॅन करायला ठाण्याला गेलो. रिपोर्ट घेऊन कल्याणच्या डॉक्टरांसमोर आम्ही तिघं बसलो, मी, यजमान आणि आक्का. डॉक्टर बराच वेळ वाचत होते. आक्का त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, मी टेबलाच्या कडेकडे.

"उजवीइतकी नाही," ते म्हणाले. "पण काम करते आहे. ठेवू या."

यजमानांनी विचारलं, म्हणजे काढायची नाही ना. डॉक्टर म्हणाले, फक्त खडा.

मग लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून खडा फोडून काढला. पाठीतली नळी गेली, आत एक तात्पुरती नळी ठेवली. ती आतली नळी काही आठवड्यांनी काढून घ्यायची असते. बरं वाटायला लागलं की लोक ती विसरतात आणि मग नवीन दुखणं सुरू होतं. मी तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहिली, आणि शिवाय भावाला, यजमानांना आणि कविताला सांगून ठेवली. ती नळी आत असताना लघवीला सारखं लागतं, जळजळतं, हे आधी माहीत असलेलं बरं. ती निघाली की ते जातं.

खड्याचे तुकडे डबीत दिले होते, तपासायला पाठवण्यासाठी. आक्कांनी डबी हलवून बघितली. म्हणाल्या, "ह्याच्यापरीस मोठे खडे मी तांदळातनं काढते."

भरलेली बाटली

खडा का झाला, हे मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी उलट विचारलं, दिवसभरात पाणी किती पिता. मी विचार करून खरं उत्तर दिलं. सकाळी बाटली भरून निघते, संध्याकाळी भरलेलीच परत येते.

हे फक्त माझं नाही. फिरतीवरच्या बायकांना विचारा. अंगणवाडी म्हणजे एक खोली, कधी समाजमंदिराचा ओटा. संडास नाही. पाड्यावर झाडाआड जावं तर ओळखीची माणसं, आणि जीपला थांबवून सांगावं तर जीपमध्ये सगळे बापे. म्हणून घरून निघताना घोटभर चहा आणि परत येईपर्यंत काही नाही. वीस वर्षं हे मी शिस्त समजत होते. एप्रिल-मे महिन्यांत घाम किती जातो ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. सगळे खडे पाणी न प्यायल्याने होत नाहीत, डॉक्टरांनी तेही सांगितलं. माझ्या बाबतीत त्यांना दुसरं कारण सापडलं नाही.

जूनमध्ये कामावर रुजू झाल्यावर मी पहिलं काम हे केलं की प्रत्येक गावात एक घर ठरवलं. संडास असलेलं, नसेल तर निदान कुडाची मोरी असलेलं. त्या घरच्या बाईला सांगून ठेवलं की मी आले की आधी तुझ्याकडे येणार. कुणीही नाही म्हणालं नाही. उलट दोघी-तिघींनी विचारलं, ताई, इतकी वर्षं तुम्ही काय करत होतात. मासिक बैठकीतही आता आधी सगळ्यांनी पाणी प्यायचं, मग हजेरी. सेविका हसतात, पण पितात. पाऊस असला तरी पितात.

आक्कांच्या दारात आवणीच्या दिवसांत पुन्हा माणसं आली. त्यांनी पाय फिरवायचा बंद केला नाही, मीही बंद करा म्हणाले नाही. मात्र त्या आधी विचारतात. गप पडवत नाय का? उलटी झाली का? लघवी लाल होते का? ताप? यातलं एक जरी हो म्हणालं तर त्या पाय मागे घेतात आणि डॉक्टरकडे जायला सांगतात. एका म्हाताऱ्याने तिथंच भांडण काढलं, की आधी पाय फिरव, मग सांग. आक्का दार लावून आत गेल्या.

बाकी काम

हे लिहिते आहे ते भातकापणी चालू असताना. माझी डावी किडनी ठीक आहे, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची आहे. अहवाल इथे संपला असता.

गौरी गेल्यावर मी एका सकाळी आक्कांच्या घरात गेले तर त्या खांबाला धरून उभ्या होत्या. एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत होत्या. उजव्या कुशीवर मूठ दाबलेली. कपाळावर घाम. मला बघून त्यांनी मूठ काढली. मी विचारलं, कधीपासून. म्हणाल्या, वाऱ्याचं हाय. मी पुन्हा विचारलं. तेव्हा सांगितलं की पावसाळ्याच्या आधीपासून, अधूनमधून. शहापूरला माझ्याकडे राहत होत्या तेव्हाही कळ दोनदा येऊन गेली होती. तुझंच चाललं होतं, म्हणाल्या.

मी त्यांना विचारलं, दिवसाला किती पाणी पिता. शेतावर कोण पितो गो, त्या म्हणाल्या. आमी काय बापे हाव.

सोनोग्राफीचा दिवस मी तेव्हापासून तीनदा ठरवला. पहिल्यांदा भाताला पोटरी आली होती, कणसं भरत होती आणि रानडुकरं येत होती. दुसऱ्यांदा त्यांनी सांगितलं की आता दुखत नाही, मग कशाला. दुखत नाही म्हणूनच, मी म्हणाले. त्या मानेने हो म्हणाल्या आणि गेल्या नाहीत. यजमानांनीही सांगून बघितलं. त्यांचं त्या ऐकतात, पण त्यांच्या हातात भाकरी ठेवून विषय बदलतात.

तिसऱ्यांदा, गेल्या सोमवारी, मी रजा टाकली. आक्का धुतलेलं लुगडं नेसून निघाल्या. आम्ही जीपमध्ये बसलो, पुढच्या सीटवर, मी आधीच सांगून ठेवलेली. जीप भरेपर्यंत ड्रायव्हर निघत नाही. बसून राहिलो. तेवढ्यात शेजारच्या शेतातली बाई ओरडत आली की मळणीला माणूस कमी आहे, ढग आले आहेत, कापलेलं भात भिजेल. ढग खरंच होते. आक्कांनी माझ्याकडे बघितलं, मी नाही म्हणाले. त्यांनी पदर खोचला आणि खाली उतरल्या.

मी जीपमधून त्यांना बांधावरून जाताना बघत राहिले. चालता चालता त्या एकदा थांबल्या, हात कुशीवर गेला, पुन्हा चालू लागल्या. ड्रायव्हरने विचारलं, ताई, तुम्ही येताय का. मी उतरले.

बाकी काम: आक्कांची सोनोग्राफी, मुरबाड. पुढच्या वेळी जीप थेट त्यांच्या दारात बोलवायची, भरायची वाट बघायची नाही, सगळ्या सीटांचे पैसे आपण द्यायचे. दिवस अजून ठरलेला नाही.